घड्याळात ठेवलेली सुपारी

दादा,

तू गेलास तेव्हा किती वाजले होते, ते कुणालाच सांगता आलं नाही. हसू नकोस. तुझ्या ठाण्यातल्या कोपरीच्या घरात ओसरीवर घड्याळं, माजघरात घड्याळं, दुरुस्तीला आलेली फळीवर ओळीनं मांडलेली, आणि गुरुजींनी विचारलं, "प्राण केव्हा गेला?" तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. वहिनी तुझ्या उशाशी होत्या. मी पायाशी होते. तुझा सदाशिव तुझ्या तोंडात गंगाजळ घालत होता. एकानंही मान वर करून भिंतीकडे पाहिलं नव्हतं. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "दूधवाली नुकतीच परत गेली होती बघा." गुरुजींनी तेवढ्यावर भागवलं. पंचक परवा लागत होतं, तेव्हा थोडं इकडचं तिकडे झालं तरी बिघडत नाही, असं म्हणाले.

जन्मभर तू लोकांच्या भिंतींवर घड्याळं टांगलीस, आणि तुझी वेळ कळली दूधवालीवरून! तुझ्या नाकाला केवढ्या मिरच्या झोंबल्या असत्या. "ठकू, एवढी वीस टिकटिकताहेत आणि तुम्हाला डोळे नाहीत?" असं काहीतरी ओरडला असतास. पण खरं सांगू, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपला सगळा वाद तोच तर होता, आणि तो अर्धा टाकून तू निघून गेलास. आता मला एकटीलाच बोलावं लागणार. तेरावा उरकून मी कल्याणला परत आले आहे, घरची माणसं बाहेर गेली आहेत, आणि मला लिहिता येतं. तेव्हा ऐकून घे.

तुझं पहिलं घड्याळ मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. परीक्षा पास झालास म्हणून आबांनी घेऊन दिलेलं, साखळीचं, खिशातलं. आळीतली माणसं वेळ विचारायला येत नसत, घड्याळ बघायला येत. बायका मागल्या दारानं येऊन आईला म्हणत, "जरा दाखवा ना, आत काय बसलंय ते." आईनं पहिल्याच दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि कुंकू झाकणाच्या बिजागरीत गेलं म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस. मला ऐकवायचं झालं तर आधी हात धुऊन यायला लावायचास. हात मी धुवायची, लावायचं होतं कानाला, पण विचारायची सोय नव्हती. तू ते माझ्या कानाशी धरायचास आणि मी श्वास रोखून उभी राहायची. आतून कुणीतरी सुपारी कातरतंय असं वाटायचं.

रोज संध्याकाळी तू स्टेशनावर जायचास आणि तिथल्या मोठ्या घड्याळाशी आपलं ताडून घ्यायचास. आबा म्हणायचे, "देवदर्शनाला एवढा नेमानं गेला असतास तर!" तू म्हणायचास, "आबा, गाडी ज्या घड्याळावर सुटते ते खोटं कसं असेल?" तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि माझं लग्न ठरलं होतं.

कल्याणचं वऱ्हाड आदल्या दिवशी गाडीनं आलं. जोशीबुवांनी पहाटे अंगणात उभं राहून सूर्याचं बिंब अर्धं वर आलेलं डोळ्यांनी पाहिलं आणि घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडलं. तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मग भिंतीवर कुंकवाची एक रेघ ओढायची आणि वाटी पुन्हा सोडायची. सूर्योदयापासून इतक्या घटका झाल्या की मुहूर्त, एवढा साधा हिशोब. शेकडो लग्नं त्यांनी त्या वाटीवर लावली होती.

पण तुझा त्या वाटीवर विश्वास नव्हता. तू छापील पंचांग काढलंस. त्यात सूर्योदय किती वाजता ते लिहिलेलं होतं. त्यात मुहूर्ताच्या घटकांचे तास करून मिळवलेस, आणि मुहूर्त किती वाजता येतो तो काढून मोकळा झालास. हिशोबात तुझी कवडीची चूक नव्हती, हे मी आजही कबूल करते. फक्त त्या पहाटे सगळं घर अंगणात असताना तू खोलीत दिव्याशी बसून गुणाकार करत होतास. एकदा बाहेर येऊन, सूर्य उगवताना आपल्या घड्याळात किती वाजलेत एवढं बघितलं असतंस, तर माझ्या जन्माची कथा वेगळी झाली असती. तू सूर्य पाहिला नाहीस. तू छापलेलं पाहिलंस.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी मामाच्या हाताला धरून अंतरपाटामागे उभी, मुंडावळ्या डोळ्यांवर येताहेत, आणि तुझा आवाज, "जोशीबुवा, वेळ झाली!" जोशीबुवा म्हणाले, "अहो, वाटी बुडायची आहे अजून. आणि त्यानंतर आणखी थोडं." तू घड्याळ वर धरलंस. व्याह्यांकडच्या दोनतीन शिकलेल्या माणसांनी माना डोलावल्या. आबांची मोठी पंचाईत झाली. चारचौघांत मुलाचं घड्याळ खोटं म्हणायचं की जोशीबुवांची वाटी खोटी? आबा कचेरीतले. ते घड्याळाच्या बाजूनं झाले. जोशीबुवांनी एकदा घंगाळाकडे पाहिलं आणि मंगलाष्टकं सुरू केली. अक्षता पडल्या, माळा घातल्या, वाजंत्री वाजली, बायका पानसुपारी वाटत आत गेल्या, आणि मग कुणीतरी सांगितलं की वाटी आत्ता बुडाली.

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी तुला कळलं. कचेरीतलं घड्याळ आणि तुझं घड्याळ ह्यांत अर्ध्या तासाचं अंतर. तू कचेरीशी भांडलास म्हणे! मग स्टेशनमास्तर हसून म्हणाला, "अहो, गाड्या सगळ्या मद्रासच्या वेळेवर चालतात. तिकडे सूर्य आपल्या आधी उगवतो." पंचांगातली वेळ इथली आणि तुझ्या खिशातली मद्रासची. माझं लग्न मुहूर्ताच्या अर्धा तास आधीच लागलं होतं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. कुणाला कळायचं होतं? पण तू पडलास खऱ्याचा पुतळा. पुढच्याच गाडीनं कल्याणला आलास, आमच्या ओटीवर सगळ्यांच्या देखत उभा राहिलास आणि सांगून टाकलंस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सासूबाई जात्यावर होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या सुनेचं लग्न मद्रासेत लागलं म्हणा की! आम्ही ठाण्याला उगीच गेलो." सगळे हसले. तूही हसलास. मीही हसले, लहान होते. इकडची स्वारी दाराशी उभी होती, तिकडून हसणंही झालं नाही आणि बोलणंही झालं नाही. आमच्याकडे दिवसाला चार शब्द म्हणजे सणवार.

मग माझा पहिला मुलगा पाळण्यातच गेला. तू धावत आलास तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वेळच चुकलेली, त्याला कोण काय करणार?" हसून नव्हेत, रडत म्हणाल्या, आणि तेच जास्त लागलं. तू दारातच थांबलास, आत आला नाहीस. त्या दिवसापासून माझ्या घरी तू पानावर बसला नाहीस. पाणी प्यायचास. फार झालं तर गुळाचा खडा. मी पाट मांडायची, रांगोळी काढायची आणि तू म्हणायचास, "नको गं ठकू, गाडी गाठायची आहे." गोदी झाली, अनंता झाला, दोघं धडधाकट वाढली, तरी तुझी आपली गाडी! मला कळत होतं रे. न कळायला काय झालं? माझ्या संसाराचं वाटोळं केलंस असं तुझ्या डोक्यात बसलं होतं, आणि वाटोळं केलेल्या घरी जेवायचं कसं, म्हणून तू उपाशी परत जायचास. मी कितीदा म्हटलं, "दादा, अरे माझं बरं चाललंय." तू म्हणायचास, "तू म्हणणारच. बहीण आहेस." आणि ज्यांनी म्हणायला हवं होतं त्यांची वाणी देवानं कुलुपात ठेवलेली.

लोक म्हणाले, आता हा घड्याळाचं नाव काढणार नाही. तू उलटंच केलंस. कचेरीतली मिळती नोकरी सोडलीस आणि घड्याळं विकायला, दुरुस्त करायला बसलास. आबांनी कपाळाला हात लावला. "कारागिराचा धंदा आपल्याला शोभतो का?" तू म्हणालास, "आबा, वेळ काय असते ते लोकांना समजल्याशिवाय मी मरणार नाही." दर रविवारी तू घरोघर जायचास, किल्ली द्यायचास, काटे सरळ करायचास, आणि हे घड्याळ इथल्या वेळेचं आहे, स्टेशनच्या नाही, हे बजावून सांगायचास. लोक हो हो म्हणायचे आणि तुझी पाठ वळली की गाडी चुकू नये म्हणून काटा पुढे करून ठेवायचे. मला ठाऊक होतं, तुला सांगत नव्हते. तुला माहीत असणारच.

आणि दादा, ती घड्याळं घराघरांत कशी मुरत गेली ते तू नुसतं बाहेरून पाहिलंस. मी आतून पाहिलं. तू आमच्याकडे भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ आणलंस तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ते मद्रासी प्रकरण माझ्या घरात नको." म्हणून ते ओटीवर टांगलं. पहिल्या महिन्यात आळीतल्या बायका टोले मोजायला येत आणि चुकल्या की पुन्हा पुढच्या टोल्यापर्यंत थांबत. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ. नव्याचे नऊ दिवस संपले, मग वैद्यांनी सासूबाईंना वेळेवर काढा घ्यायला सांगितला, तेव्हा घड्याळ ओटीवरून माजघरात आलं. पुढे पुढे तर त्याच मला खडसावायच्या, "किल्ली दिलीस का गं? टोले मंद पडलेत." एकदा ते बंद पडलं तर म्हातारीला जेवण जाईना. शेवटपर्यंत त्यांनी आपला शब्द काही मागे घेतला नाही, पण मद्रासी म्हणायच्या थांबल्या होत्या. कुणी थांबवलं नाही, आपोआप थांबल्या. तुला हे मी सांगितलं होतं. तू म्हणालास, "त्यांना घड्याळाची सवय झाली, बाकी काही नाही." अरे, मग सवय म्हणजे काय थोडी गोष्ट झाली?

सुपारीचं भांडण तर तुला आठवतच असेल. तू लंबकाचं दार उघडलंस आणि आत सुपारीची पुडी, सुईदोरा, सासूबाईंचं चाटण, गोदीच्या वेणीचा गोंडा आणि मागच्या बाजूला खोचलेली फणी. तू लालबुंद झालास. "ठकू, हे यंत्र आहे, फडताळ नव्हे!"

"कोरडी जागा आहे," मी म्हटलं. "उंदीर पोचत नाही. मुलांचा हात पोचत नाही."

"लोक हात जोडायचे गं ह्याला!"

"हात जोडायचे तेव्हा कुणाला त्यातलं कळत होतं? आता कळतं म्हणून जोडत नाहीत. घरात आलं ते घरचं झालं. रोज सुनेची कुणी ओटी भरतं का?"

तू म्हणालास, "अतिपरिचयादवज्ञा." तुझं संस्कृत बाहेर आलं की समजावं, स्वारी हरायला आली आहे.

तुला मनातून खरा धक्का दिला तो मारीबायनं. किरिस्तावांच्या पाड्यातली ती भाजीवाली, तुझी किती टर उडवायची. "आमच्या देवलाची घंटा हाय ना रं! तुजा घड्याल कशाला?" आणि मग तिच्या मुलाला आगगाडीच्या कारखान्यात काम लागलं, तेव्हा स्वतःच येऊन गजराचं घड्याळ घेऊन गेली. काही दिवसांनी तू किल्ली बघायला गेलास तर घड्याळ कुठे दिसेना. कुठे गेलं म्हणून विचारलंस तर तिनं भाताच्या कणगीत हात घालून ते बाहेर काढलं. "लय वरडते रं मेला. कणगीत ठेवला का बरोबर वरडते, पोरगा उठते, बाकीची निजून ऱ्हातात." हे तू मला सांगायला आलास ते अगदी तोंड पाडून. "माझी घड्याळं कणगीत गेली, ठकू." मी हसून हसून खाली बसले. अरे, तिनं तुझ्या यंत्रात सुधारणा केली होती! तिच्या घरी तुझं घड्याळ जितकं उपयोगी पडलं तितकं आबांच्या दिवाणखान्यातलंही पडलं नसेल. पण तुला त्यात अपमानच दिसला.

तुला काय हवं होतं ते मला कधी नीट कळलं नाही. सगळ्यांना घड्याळं मिळावीत असं तर तुला वाटायचंच. पण मिळाल्यावरही त्यांनी तुझ्यासारखं हात धुऊन कानाला लावावं, असंही वाटायचं. दोन्ही कसं व्हावं? आता तर गजराची घड्याळं बाजारात कंदिलाच्या काचांशेजारी मांडलेली असतात. कुणाच्या लग्नात घड्याळावरून कुणी भांडत नाही. गोदीच्या लग्नात गुरुजींनी स्वतःच्या कनवटीचं घड्याळ काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. मंडपात कुणाचं लक्षही गेलं नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू खांबाशी उभा होतास आणि तुझा चेहरा पांढरा पडला होता. मंगलाष्टकं संपेपर्यंत तू तोच हिशोब करत होतास, हो ना? गुरुजींना जाऊन विचारलंस, "वेळ इथलीच ना?" ते म्हणाले, "अहो, तुम्हीच तर लावून दिलंय ते." मग तू मागल्या अंगणात जाऊन रडलास. मी पाहिलं होतं, पण तेव्हा पाठवणीची घाई होती. आणि त्या दिवशीही तू जेवला नाहीस. लेकीसारख्या भाचीच्या लग्नात, माझ्या मांडवात.

आता दहाव्याचं सांगते.

आदल्या दिवशी आपल्या नानाकाकांनी सगळ्यांदेखत बोलून टाकलं, "विनायकचा जीव ठकूच्या लग्नात अडकलेला. उद्या कावळा शिवायचा नाही, मी सांगून ठेवतो. जावईबापूंनीच तिथे सांगायला हवं, की मनात किल्मिष नाही म्हणून." सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान डोलावली. मला रात्रभर घोर. हा माणूस आणि चारचौघांत बोलणार? पिंड तसाच राहिला तर काय करायचं? दर्भाचा कावळा करावा लागणार आणि मग जन्मभर लोक म्हणणार, विनायक अतृप्त गेला. मी देवाला म्हटलं, ह्यांच्या तोंडून एक वाक्य काढ, बाकी काही मागत नाही.

बायका काही घाटावर जात नाहीत. मी स्वयंपाकघरात बसले होते. सदाशिव पहिला परत आला, ओल्या पंच्यानं, आणि म्हणाला, "आत्या, लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच. कुणाला काही बोलावंच लागलं नाही." मी भिंतीला टेकले. बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढ्या वर्षांत एकदा ह्यांना बोलायची वेळ आली होती, तीही टळली.

सदाशिव जायला वळला आणि परत आला. पोर अवघडलं होतं. म्हणाला, "आत्या, आणखी एक. सगळे निघाले, नानाआजोबा म्हणाले सुटला बिचारा, चला. पण आपले कल्याणचे काका थांबले. मी तांब्या न्यायला मागे गेलो तर ते पिंडापुढे हात जोडून उभे होते. मी मागे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, विनायकराव, तुमच्यामुळे ही मला अर्धा तास आधी मिळाली."

एवढंच. मग खाडीच्या पाण्यात पाय धुतले आणि सगळ्यांच्या मागून चालू लागले म्हणे.

घरी आल्यावर मी काही विचारलं नाही, आणि इकडून काही सांगणं झालं नाही. इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या शेजारी बसून जगले आणि हे मलाच माहीत नव्हतं, तर तुला कुठून कळणार? कळलं असतं तर तू माझ्या घरी जेवला असतास रे दादा.